नवऱ्याचं घोरणं, घरी झालेली झोपेची तपासणी आणि सीपॅप मशीन: 7 महिन्यांनंतरचा रिव्ह्यू, इंदूरहून

ह्यांच्या घोरण्यामागे स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याचा आजार निघाला, त्यातल्या दोन गोष्टींचा हा रिव्ह्यू आहे. एक, घरी येऊन करतात ती झोपेची तपासणी, आणि दुसरी म्हणजे रात्री नाकाला मास्क लावून झोपायचं ते सीपॅप मशीन, जे आम्ही आधी 2 महिने भाड्यानं घेतलं आणि मग विकत घेतलं. दुकानाचं किंवा कंपनीचं नाव देत नाहीये कारण एका ठिकाणचा अनुभव वाईट होता आणि दुसरं असं की आमच्या ह्यांच्या चेहऱ्याला जो मास्क बसला तो तुमच्या घरच्या माणसाला बसेलच असं नाही, त्यामुळे नावापेक्षा दुकानात जाऊन काय विचारायचं ते कळलं तर जास्त उपयोग होईल असं मला वाटतं.

लग्नाला 24 वर्षं झाली आमच्या. हे पहिल्यापासून घोरतात. सासूबाई म्हणायच्या दिवसभर राबतो माझा मुलगा, गाढ झोपतो बिचारा. मीही तेच धरून चालले. आमच्या सुदामानगरच्या घराला दोनच बेडरूम, मुलाची बारावी आली तेव्हा मी उशी घेऊन हॉलमध्ये सोफ्यावर झोपायला लागले ते जवळजवळ 6 वर्षं तिथेच, आणि सगळे नातेवाईक हसायचे, लग्नकार्यात ह्यांना वेगळी खोली द्या म्हणायचे, कुणाला त्यात आजार दिसला नाही. मलाही नाही.

मग मागच्या पावसाळ्यात पाहुणे आले म्हणून मी परत खोलीत झोपले तेव्हा नीट ऐकलं. घर्र घर्र चालू असतं आणि एकदम बंद. पूर्ण शांत. छाती हलतेय, पोट हलतंय, पण श्वासाचा आवाजच नाही. मी अंधारात मनातल्या मनात आकडे मोजत होते, वीस, तीस, एकदा तर बेचाळीसपर्यंत गेले आणि हलवून उठवणार तेवढ्यात बुडालेला माणूस पाण्यातून वर यावा तसा मोठ्ठा श्वास घेतला आणि कूस बदलून परत घोरायला लागले. सकाळी विचारलं तर म्हणतात मस्त झोप झाली. त्यांना खरंच काही आठवत नव्हतं!

बाकीची लक्षणं आता मागे वळून बघितली की ओळीनं दिसतात, तेव्हा आम्ही प्रत्येकाला वेगळं कारण देत होतो. सकाळी डोकं जड, ते पित्त. रात्री तीनदा लघवीला उठणं, ते वय किंवा शुगर असेल, शुगर तपासली तर नॉर्मल. बीपीच्या दोन गोळ्या चालू तरी वरचा आकडा 150 च्या खाली येत नाही, ते टेन्शन. इथल्या सानंद संस्थेच्या नाटकाला गेलो की पहिल्या अंकातच मान खाली, ते थकवा. आणि चिडचिड, ती तर स्वभावच म्हणून सोडून दिली होती. पीथमपूरला कारखान्यात नोकरी, रोज स्वतः गाडी चालवत जायचे. एक दिवस संध्याकाळी परत येताना राऊच्या अलीकडे डुलकी लागली आणि गाडी डिव्हायडरला घासून थांबली. कुणाला लागलं नाही पण घरी आले तेव्हा हात थरथरत होते. त्या रात्री मी मोबाईलवर त्यांच्या झोपेचा व्हिडिओ काढला, 11 मिनिटांचा, आणि तो घेऊन आम्ही छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. हो, छातीच्या, कान नाक घसावाल्यांकडेही जाता येतं पण आम्हाला फॅमिली डॉक्टरांनी छातीवाल्यांकडे पाठवलं.

व्हिडिओ काढून नेणं हे सगळ्यात कामाचं निघालं. डॉक्टरांनी दोनच मिनिटं बघितला आणि दोन कागद भरायला दिले. एकावर 8 प्रश्न, घोरता का, दिवसा थकवा असतो का, झोपेत श्वास थांबलेला कुणी बघितलाय का, बीपी आहे का, वजन, वय 50 च्या वर का, गळ्याचा घेर 40 सेंटीमीटरच्या वर का, पुरुष का. ह्यांचे 8 पैकी 7 हो. 5 किंवा जास्त आले की धोका जास्त धरतात. दुसरा एपवर्थ म्हणून कागद असतो, त्यात 8 प्रसंग दिलेले असतात, टीव्ही बघताना, वाचताना, सिग्नलला गाडी थांबली असताना झोप लागण्याची शक्यता किती, प्रत्येकाला 0 ते 3 मार्क. एकूण 24, आणि 10 च्या वर गेलं की दिवसाची झोप जास्त आहे असं समजतात. ह्यांनी स्वतः भरला तेव्हा 9 आले, मी शेजारी बसून परत भरला तेव्हा 15. डॉक्टरांनी माझाच धरला.

आता तपासणी. हॉस्पिटलमध्ये रात्रभर झोपवून करतात ती मोठी, तिच्यात डोक्याला वायरी लावून मेंदूच्या लहरीही बघतात. आमच्यासारख्या सरळ केसला घरची चालते म्हणाले, पण हृदय कमजोर असेल, फुफ्फुसाचा मोठा आजार असेल, किंवा अर्धांगवायू होऊन गेला असेल तर हॉस्पिटलचीच करा असं सांगितलं. घरच्या तपासणीला आम्हाला साडेचार हजार लागले. मुलगा रात्री नऊला आला, पंचविशीतला असेल, छातीला एक पट्टा बांधला, नाकाखाली ऑक्सिजनवाल्यांना असते तशी बारीक नळी, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा, बस. मला म्हणाला आंटी, रोजच्या वेळेलाच झोपू द्या, रोज जे खातात तेच खाऊ द्या. हे मला फार पटलं. नोव्हेंबर होता, गराडूचे, म्हणजे तळलेल्या कंदाचे दिवस, हे आदल्याच शनिवारी सराफ्यात, म्हणजे रात्री खाण्याची दुकानं लागतात त्या बाजारात जाऊन रात्री साडेबाराला गराडू आणि रबडी खाऊन आले होते, तर तपासणीच्या दिवशी उगाच मूगडाळीची खिचडी खाऊन शहाण्यासारखं झोपलं तर खरं चित्र कसं येणार.

सेवेला मी 5 पैकी 4 देईन. एक मार्क कापला कारण पहिल्या रात्री बोटाचा चिमटा दोन वाजता निघाला आणि रेकॉर्डिंग अर्धवट राहिलं. दुसऱ्या रात्री पैसे न घेता परत लावून दिलं हे चांगलं, पण चिमट्यावर चिकटपट्टी लावायची असते हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. तुम्ही करून घेत असाल तर आठवणीनं लावून घ्या.

रिपोर्ट बघून मी रडले. तासाला 38 वेळा श्वास थांबत होता किंवा अर्धा होत होता. 5 च्या आत नॉर्मल, 15 पर्यंत सौम्य, 30 पर्यंत मध्यम आणि त्यापुढे गंभीर. सगळ्यात लांब थांबा 54 सेकंदांचा, ऑक्सिजन 76 पर्यंत उतरलेला. कोविडमध्ये आम्ही घरोघरी ऑक्सिमीटर घेऊन बसलो होतो ना, 94 च्या खाली गेलं की धावपळ, आणि इथे माणूस रोज रात्री 76 वर जात होता आणि आम्ही गाढ झोपलाय म्हणत होतो. शिवाय घरच्या तपासणीत माणूस मधे जागा होता ते मशीनला कळत नाही, ते सगळे तास झोपेचेच धरतं, म्हणजे खरा आकडा याहून जास्तच असू शकतो.

डॉक्टरांनी कागदावर घशाचं चित्र काढून समजावलं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, काही जणांत जीभ आणि मागचा मऊ टाळू इतका मागे येतो की वाटच बंद होते. छाती ओढत राहते पण हवा आत जात नाही, ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाबरून क्षणभर जागा करतो, वाट उघडते, परत झोप, परत बंद. प्रत्येक वेळी ॲड्रेनलिन सुटतं, बीपी वर जातं, हृदय धडधडतं. रात्री दोनशेहून जास्त वेळा. मग गोळ्यांनी बीपी उतरणार कसं? आणि लघवीचं कारण ऐकून तर मी थक्क झाले, बंद घशाविरुद्ध छाती जोर लावते तेव्हा हृदयाच्या वरच्या कप्प्यांवर ताण येतो, हृदयाला वाटतं अंगात पाणी जास्त झालंय, ते एक हार्मोन सोडतं आणि मूत्रपिंडं जास्त लघवी तयार करतात. प्रोस्टेटसाठी तपासण्या करत बसलो होतो आम्ही. माझे सासरे असेच घोरायचे, त्यांना पहाटे झोपेतच अर्धांगवायूचा झटका आला, त्याचं कारण हेच होतं असं मी म्हणणार नाही, पण हा आजार उपचाराविना राहिला तर पक्षाघाताचा आणि हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला तेच आठवले.

मशीनकडे येते आता. सीपॅप म्हणजे एक छोटा पंखा असलेला डबा, टिफिनएवढा, तो खोलीतलीच हवा गाळून थोड्या दाबानं नळीतून नाकात सोडतो आणि त्या दाबानं घशाची वाट उघडी राहते. ऑक्सिजनचं मशीन नव्हे हे, आमच्या शेजारणीला अजून तसंच वाटतं. 1981 मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनीच्या कॉलिन सलिव्हन नावाच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा हा उपाय केला, व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरसारखी मोटर वापरून, तेव्हा त्याचा आवाज केवढा असेल. आताचं मशीन इतकं हळू चालतं की आमच्या पंख्याचा आवाज त्याच्यापेक्षा मोठा आहे. आम्ही ऑटो घेतलं, ते दाब 4 ते 20 सेंटीमीटर पाण्याइतका आपणच कमीजास्त करतं, ह्यांचा बहुतेक रात्री 11 च्या आसपास राहतो.

पहिल्या दुकानात वाईट अनुभव आला. रिपोर्ट बघितल्या बघितल्या 52 हजारांचं बिल लिहायला घेतलं, मास्क एकच साइज दाखवला, तोही पाकीट न उघडता, म्हणे सगळ्यांना हाच बसतो. भाड्याचं विचारलं तर म्हणे आजाराशी खेळता का. आम्ही उठून आलो. दुसरीकडे, डॉक्टरांच्याच कंपाउंडरनं सांगितलेल्या ठिकाणी, महिन्याला साडेतीन हजार भाडं, डिपॉझिट वेगळं, मास्क मात्र विकतच घ्यायचा, ते योग्यच आहे, दुसऱ्याचा वापरलेला कोण लावणार. त्या माणसानं ह्यांना पाऊण तास बसवलं, तीन मास्क लावून बघितले, नुसते बसून नाही तर तिथल्या बाकावर आडवं करून, मशीन चालू करून, कूस बदलायला लावून. आडवं झालं की गालांचा आकार बदलतो आणि हवा गळते, हे मला माहीत नव्हतं. ह्यांना मिशी आहे, त्यामुळे नाकपुड्यांखाली बसणारा मास्क गळत होता, नाकावरून बसणारा बरा बसला. तोंड उघडं ठेवून झोपणाऱ्यांना तोंड आणि नाक दोन्ही झाकणारा लागतो. विकत घ्यायच्या आधी ही बाकावरची परीक्षा झालीच पाहिजे, दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा. इतकं मी हट्टानं सांगते.

पहिला आठवडा कठीण गेला, ते लपवणार नाही. पहिल्या रात्री दीड तासात मास्क काढून फेकला. गुदमरतंय म्हणाले. दुसऱ्या रात्री तेच. मग दुकानातल्या माणसाला फोन केला तर त्यानं सांगितलं की रात्री लढू नका, संध्याकाळी टीव्ही बघताना अर्धा तास नुसता लावून बसा, जागेपणी सवय करा. आणि रॅम्प म्हणून सेटिंग असतं, त्यात दाब सुरुवातीला कमी असतो आणि झोप लागेपर्यंत हळूहळू वाढतो, ते चालू करून दिलं. चौथ्या दिवशी 4 तास झाले. सहाव्या रात्री मी दोन वाजता दचकून जागी झाले कारण खोलीत काहीच आवाज नव्हता, मी त्यांच्या छातीवर हात ठेवून बघितलं, शांत चालली होती, वर खाली, वर खाली. मी बराच वेळ हात तसाच ठेवला.

सकाळी कचरागाडीचं गाणं वाजलं की मी त्यांना हाका मारमारून उठवायची, त्या दिवशी गाडी यायच्या आधी हे गॅलरीत चहा घेऊन बसले होते. म्हणाले, डोकं हलकं वाटतंय, असं कधी वाटलं होतं तेच आठवत नाही.

आता 7 महिने झाले. मशीनच्या ॲपवर रोज दिसतं, तासाला थांबे 38 वरून 2-3 वर. रात्री लघवीला एकदा, कधी नाहीच. बीपीची एक गोळी मार्चमध्ये डॉक्टरांनी बंद केली, आम्ही आपल्या मनानं नाही हं, डॉक्टरांनी. एपवर्थ परत भरला, मीच भरला, 6. पहिले दोन महिने त्यांनी गाडी चालवली नाही, कंपनीच्या बसनं गेले, ते डॉक्टरांनी सांगूनच ठेवलं होतं. आणि चिडचिड, जिला आम्ही स्वभाव म्हणत होतो, ती निम्म्याहून कमी झाली. वीस-बावीस वर्षं मी एका न झोपलेल्या माणसाशी भांडत होते हे समजल्यावर मला फार वाईट वाटलं.

तक्रारी सांगते. नाकाच्या हाडावर लाल वळ उठतो, पट्टा फार आवळला की जास्तच, गळतंय म्हणून आवळायचं नाही तर मास्क उचलून परत बसवायचा. थंडीत घसा कोरडा पडायचा म्हणून ह्युमिडिफायर, म्हणजे पाणी गरम करून हवा ओलसर करणारा भाग लागतो, त्यात डिस्टिल्ड वॉटरच घाला, आम्ही चार दिवस बोअरिंगचं घातलं तर तळाला पांढरा थर बसला. मास्कची उशी, म्हणजे चेहऱ्याला टेकणारा मऊ भाग, रोज सकाळी साध्या साबणानं धुवायची, नळी आठवड्यातून एकदा, फिल्टर बघत राहायचा, आपल्याकडे उन्हाळ्यात धूळ किती असते माहितीच आहे. हे काम माझ्याकडे होतं, आता ते स्वतः करतात. वीज गेली की मशीन बंद. मे महिन्यात वादळं झाली तेव्हा दोन रात्री त्रास झाला, आता इन्व्हर्टरवर घेतलंय, फक्त तेव्हा पाणी गरम करायचं बंद ठेवतो कारण तेच जास्त वीज खातं. आणि मास्कचे सुटे भाग महाग आहेत, ते विकत घेतानाच विचारून ठेवा.

एक गोष्ट नीट समजून घ्या, हे मशीन आजार बरा करत नाही, लावलं त्या रात्रीपुरता थांबवतं, चष्म्यासारखं आहे. चार तास लावलं म्हणजे झालं असंही नाही, स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते, तेव्हा स्नायू अजून सैल पडतात आणि थांबे वाढतात, म्हणून लघवीला उठून आल्यावर परत लावायचा कंटाळा करायचा नाही. वजन 10 टक्के उतरलं तर थांबे साधारण पाव हिश्शानं कमी होऊ शकतात, म्हणून सराफा आता महिन्यातून एकदा आणि तेही नऊ वाजता दुकानं लागली की लगेच, बाराला नाही. ह्यांचं 5 किलो उतरलंय, अजून बरंच बाकी आहे. पाठीवर झोपलं की जीभ जास्त मागे पडते, कुशीवर झोपायची सवय केली. दारूनं घसा आणखी सैल पडतो, ती ह्यांना नाही पण लग्नसराईत ज्यांच्या घरात होते त्यांनी लक्षात ठेवा. आणि झोपेची गोळी, हे मी फार कळकळीनं सांगते, मीच एकदा केमिस्टकडे जाऊन ह्यांना शांत झोप लागेल असं काहीतरी द्या म्हणाले होते, त्यानं चिठ्ठीशिवाय दिली नाही हे नशीब. घोरणाऱ्याला अशी गोळी आपल्या मनानं कधीच देऊ नका, काही गोळ्यांनी श्वास आणखी मंदावतो.

माझ्या झोपेचं काय, तर गंमत नाही, ती बिघडली ती बिघडलीच होती. सोफ्यावरच्या 6 वर्षांत मला एक वाजेपर्यंत मोबाईल बघायची सवय लागली, त्याला मशीन नाही. सहाचा चहा बंद केला, कॅफीनचं निम्मं शरीरातून जायला साधारण 5 तास लागतात म्हणजे सहाच्या चहाचं निम्मं रात्री अकराला अंगात असतंच. झोप लागो न लागो सकाळी साडेपाचला उठायचंच ठरवलं, रविवारीही, आणि मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला. तीन आठवडे लागले, आता अकराला डोळे मिटतात.

विकत घेताना दुकानदारानं भाड्याचे दोन महिने किमतीतून वजा केले, हे आधी लिहून घेतलं होतं, तुम्हीही घ्या. शेवटी मशीन मास्कसकट आम्हाला 43 हजारांना पडलं. त्या दुकानाला 5 पैकी 5, मशीनला साडेचार.

परवा मोठ्या जाऊबाईंचा ग्वाल्हेरहून फोन आला, भाऊजी जेवता जेवता झोपतात म्हणे, आणि हसत होत्या. मी म्हटलं वहिनी हसू नका, कागद पेन घ्या, आणि फोनवरच ते 8 प्रश्न भरून घेतले. 6 आले. आज रात्री त्या व्हिडिओ काढणार आहेत.